शुश्रूषा : हाताची आणि वाणीची

'शुश्रूषा' हा शब्द आपण सर्वजण वापरतों. आजाऱ्याची उठबस, त्याचें औषधपाणी, त्याची सेवा, असा त्याचा अर्थ आपल्या मनांत ठसलेला आहे, आणि तो चुकीचा नाहीं. परंतु ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें असेल त्यांस आठवेल कीं, हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणें या धातूपासून निघालेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूजवळ राहून त्याचें बोलणें ऐकूं इच्छिणारा शिष्य त्याची सेवाहि करीत असे. म्हणून ऐकण्याच्या इच्छेवरून सेवा हा अर्थ रूढ झाला. पुढें मराठींत मूळचा अर्थ गळाला आणि सेवा तेवढी राहिली. आज मी जो विषय आपणांपुढें मांडणार आहें, त्यासाठीं हा गळालेला अर्थ पुन्हां जोडून घ्यावा लागेल. विषय असा कीं, परिचारिकेनें रुग्णाची सेवा तर करावयाचीच, पण त्यास शिकवावयाचेंहि असतें. आणि हें शिकवणें औषध देण्याइतकेंच मोलाचें असतें. मी डॉक्टर नाहीं. माझीं तीस-पस्तीस वर्षें मुलांस शिकविण्यांत गेलीं. तेव्हां या विषयाकडे मी शिक्षकाच्याच दृष्टीनें पाहणार, हें आपण गृहीत धरालच.

प्रथम एक साधें गणित मांडूं. एका गृहस्थास मधुमेह आहे, आणि तो नेमानें डॉक्टरांकडे जातो, असें धरूं. वर्षांतून चार वेळां तो जाईल, आणि प्रत्येक वेळीं दहा मिनिटें बोलणें होईल. वर्षाचीं चाळीस मिनिटें झालीं. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतून हीं चाळीस मिनिटें वजा करा. उरलेल्या काळांत या गृहस्थानें काय खावें, किती चालावें, गोळी चुकली तर काय करावें, पायास फोड आला तर कोणास दाखवावा, हें कोण ठरवितो? तो स्वतः, त्याची पत्नी, त्याची सून, फार तर कोपऱ्यावरचा औषधविक्रेता. हीं माणसें जितकीं जाणतीं तितकी त्याची प्रकृति सुरक्षित. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत मधुमेही माणसें दहा कोटींच्या वर आहेत. इतक्या माणसांच्या उशाशीं बसण्यास डॉक्टर कोठून आणावयाचे?

जुन्या काळीं विषमज्वरासारखे रोग येत, आणि कांहीं आठवड्यांत त्यांचा एक ना एक निकाल लागे. आतांचे मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार हे घरांत बिऱ्हाड थाटून राहणारे रोग आहेत. त्यांच्याशीं रोजचा व्यवहार घरच्या माणसांनाच करावा लागतो. शिवाय, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास पूर्वीं जेथें कित्येक दिवस खाटेवर ठेवीत, तेथें आतां लवकरच घरीं पाठवितात. जखम घरीं भरते. टांके काढण्याचा दिवस घरीं मोजला जातो. रुग्णालयांतून निघतांना रुग्णाबरोबर औषधांची पिशवी जाते, कागद जातो. त्याच्याबरोबर ज्ञान जातें कीं नाहीं, यावर पुढचें पुष्कळसें अवलंबून असतें.

हें ज्ञान देण्याचें काम परिचारिकेचें कां? तर डॉक्टर फेरीस येतात आणि जातात. परिचारिका रात्रंदिवस तेथें असते. ती रुग्णाचें अंग पुसते, त्याच्या जखमेवर पट्टी बांधते, रात्रीं त्यास झोंप लागत नाहीं हें तिलाच कळतें. डॉक्टरांपुढें जो माणूस 'ठीक आहे' एवढेंच बोलतो, तोच सिस्टरजवळ घरची अडचण सांगतो. शिक्षकास विद्यार्थ्याची इतकी जवळीक मिळाली तर तो आपलें भाग्य समजेल.

परिचारिकेनें शिकवावें ही कल्पना कांहीं आजची नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव क्रिमियाच्या युद्धामुळें सर्वांस ठाऊक आहे. हातांत दिवा घेऊन रात्रीं जखमी शिपायांतून फिरणारी बाई, हें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें असतें. परंतु त्यांचें जें शुश्रूषेवरील छोटें पुस्तक १८५९ सालचें म्हणून प्रसिद्ध आहे, तें धंदा म्हणून हें काम करणाऱ्या परिचारिकांसाठीं लिहिलेलें नव्हतें. प्रत्येक स्त्रीवर केव्हां ना केव्हां कोणाच्या तरी प्रकृतीचा भार येतो. तो आला असतां तिनें विचार कसा करावा, हें सुचवावें, एवढाच त्यांचा हेतु होता. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, वेळेवर अन्न, हे त्यांतले विषय. १८६१ सालीं त्यांनीं कष्टकरी वर्गासाठीं या पुस्तकाची स्वस्त आवृत्ति काढली आणि तींत तान्ह्या मुलांच्या संगोपनावर एक नवें प्रकरण घातलें. तें प्रकरण त्यांनीं आयांस नव्हे, तर घरांतल्या मुलींस उद्देशून लिहिलें. कारण गरिबाच्या घरीं बाळ बहुधा थोरल्या बहिणीच्याच कडेवर असे. ज्याच्या हातून काम व्हावयाचें त्यालाच शिकवावें, हा शिक्षणशास्त्रांतला पहिला धडा या बाईंस कोणी शिकविलेला नव्हता. त्यांनीं तो डोळ्यांनीं पाहून घेतला होता. पुढें १८९२ च्या सुमारास बकिंगहॅमशर परगण्यांत खेड्यांतल्या घरांतून जाऊन आरोग्याचें ज्ञान देणाऱ्या स्त्रिया तयार करण्याची योजना निघाली, तींतहि त्यांनीं पुढाकार घेतला. नुसतीं व्याख्यानें देऊन भागणार नाहीं, घरांत जाऊन त्या बाईशीं स्नेह जोडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापन झालें, आणि रमाबाई रानडे यांनीं आपल्या स्त्रियांस परिचारिकेचें शिक्षण मिळावें म्हणून खटपट केली. त्या वेळीं हें काम हलकें मानणारे लोक पुष्कळ होते. आजाऱ्याचें मलमूत्र काढणें एवढेंच त्यांच्या दृष्टीस पडे. हीच बाई घरोघरीं आरोग्याची शिक्षिका होऊं शकेल, हें पाहण्यास दृष्टि लांबची हवी होती.

परंतु शिकवणें हा उपचारास जोडलेला उपचार नसून उपचाराचाच भाग आहे, हें जर कोणत्या एका औषधानें जगास पटविलें असेल, तर तें इन्शुलिननें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें त्याचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मधुमेहानें ग्रासलेलीं मुलें उपासमारीच्या पथ्यावर कशीबशी तग धरीत आणि जात. आतां औषध मिळालें. पण तें रोज टोंचून घ्यावें लागे आणि अन्नाचें माप औषधाच्या मापाशीं जुळवावें लागे. रोज घरोघरीं जाऊन सुई टोंचणें कोणत्याहि डॉक्टरास शक्य नव्हतें. रुग्णानें स्वतःची परिचारिका स्वतःच व्हावें, याखेरीज गत्यंतर उरलें नाहीं. अमेरिकेंतील बोस्टन येथें डॉ. एलियट जॉस्लिन नांवाचे मधुमेहतज्ज्ञ होते. त्यांनीं १९१८ सालींच डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनीं मिळून वापरावें असें एक पुस्तक लिहिलें होतें. इन्शुलिन आल्यावर त्यांनीं परिचारिकांस खास तयार करून रुग्णांच्या घरीं शिकविण्यास पाठविलें. त्यांस फिरत्या परिचारिका म्हणत. स्वयंपाकघरांत उभें राहून अन्न कसें मोजावें, सुई कशी टोंचावी, हें त्या दाखवीत. मधुमेहाच्या रुग्णांस शिकविणें हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आजच्या परिचारिकांची परंपरा तेथपर्यंत जाते.

या शिकवण्यांत काय काय येतें याची कल्पना यावी म्हणून इन्शुलिनचेंच उदाहरण थोडें सविस्तर सांगतों. आपल्या देशांत हें औषध दोन तीव्रतेचें मिळतें. एका प्रकारांत दर मिलिलिटरांत ४० युनिटें असतात, दुसऱ्यांत १००. दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या. ४० च्या औषधाची सिरिंज लाल टोपणाची, १०० च्या औषधाची नारिंगी टोपणाची. आतां १०० चें औषध जर कोणी लाल टोपणाच्या सिरिंजेनें घेतलें, तर खुणा मोजून घेऊनहि अंगांत अडीचपट औषध जाईल. उलट केलें तर पांचांतले दोनच भाग जातील. त्रैराशिक येणारा मुलगाहि हें सोडवील. पण आधीं कोणी त्या दोन सिरिंजा त्याच्यापुढें ठेवावयास हव्यात! तसेंच, औषध फ्रिजमध्यें ठेवावें, पण बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये. एकदां गोठलेलें औषध टाकूनच द्यावें. ज्या घरीं फ्रिज नाहीं तेथें औषध गार कसें ठेवावयाचें, तें त्या घराला साजेल असें सांगावें लागतें.

रक्तांतील साखर फार उतरली तर दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छातींत धडधडतें, माणूस भलतेंच बोलूं लागतो. अशा वेळीं तो शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें आणि बरें न वाटल्यास पुन्हां द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां रुग्णालय गांठावें. हें घरांतल्या लहानमोठ्या प्रत्येकास ठाऊक असावयास हवें, कारण ज्याला तें व्हावयाचें त्याला त्या वेळीं विचार सुचत नाहीं. आणि पाय! मधुमेहांत तळपायाची संवेदना हळूहळू कमी होते. काटा रुतला तरी समजत नाहीं, पाणी कढत असलें तरी समजत नाहीं. म्हणून रोज रात्रीं तळपाय आरशांत पाहावा, पाय शेकूं नयेत, आणि उन्हाळ्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालूं नये. एवढ्या दोन-तीन गोष्टी वेळेवर शिकविल्यानें कित्येकांचे पाय वांचतात. पाय गेल्यावर मग शस्त्रक्रियेची शुश्रूषा कितीहि उत्तम केली तरी पाय परत येत नाहीं.

येथवर 'काय शिकवावें' हें झालें. 'कसें शिकवावें' हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यांत आम्हां शिक्षकांचा अनुभव कामीं यावा. वर्गांत एखादें उदाहरण फळ्यावर सोडवून 'समजलें का?' असें विचारलें, कीं चाळीस मुलें एका सुरांत 'हो' म्हणतात. ज्याला समजलें तो म्हणतो, आणि ज्याला नाहीं समजलें तो अधिक मोठ्यानें म्हणतो. म्हणून अनुभवी शिक्षक तो प्रश्न विचारीतच नाहीं. तो खडू मुलाच्या हातांत देतो.

रुग्णाचें तर याहूनहि कठीण. तो भ्यालेला असतो, थकलेला असतो, घरीं जाण्याच्या घाईंत असतो. शिकलासवरलेला असला तर 'मला कळत नाहीं' असें म्हणण्याची त्यास लाज वाटते. त्यामुळें तोहि 'हो' म्हणतो. परिचारिकांच्या जगांत एक गोष्ट फार वर्षांपासून सांगितली जाते. एका रुग्णास सुई टोंचण्याचा सराव संत्र्यावर करविला. त्यानें तो उत्तम केला आणि तो घरीं गेला. कांहीं दिवसांनीं साखर भयंकर वाढून परत आला. विचारतां कळलें कीं, तो रोज न चुकतां संत्र्यास इन्शुलिन टोंचीत असे आणि मग तें संत्रें खात असे. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, ती जिवंत राहिली याचें कारण प्रत्येक परिचारिकेस असा एखादा रुग्ण भेटलेला असतो.

तेव्हां परिचारिकाशास्त्रांत आतां जी रीत शिकवितात ती आमच्या खडूच्या रीतीचीच बहीण आहे. सांगून झालें, कीं रुग्णाकडून तें त्याच्या शब्दांत वदवून घ्यावयाचें किंवा त्याच्या हातानें करवून घ्यावयाचें. समजा, एका आजोबांस रक्तदाब आहे आणि ते उद्यां घरीं जाणार आहेत. सिस्टर म्हणाली, "आजोबा, मीठ कमी करायचें बरें का, समजलें ना?" आजोबा म्हणाले, "हो सिस्टर." झालें, संपलें. पण दुसरी सिस्टर असें विचारील : "आजोबा, उद्यां घरीं गेल्यावर सूनबाई विचारतील, मामंजी, जेवणांत काय पाळायचें? तुम्ही त्यांना काय सांगाल?"

"सांगेन कीं भाजींत मीठ घालूं नको. मी पानांत वरून घेईन थोडें."

"आणि लोणचें, पापड?"

"तें कुठें सोडायला सांगितलेंत? तें आपलें तोंडीलावणें!"

"माझेंच सांगायचें राहिलें, आजोबा. पुन्हां सांगतें हं."

या संभाषणास एक मिनिटहि लागत नाहीं. पण त्या मिनिटांत जें बाहेर आलें तें दहा मिनिटांच्या उपदेशानें बाहेर आलें नसतें. आणि शेवटचें वाक्य आपण ध्यानांत घ्यावें. न समजल्याचा दोष सिस्टरनें रुग्णावर टाकला नाहीं. परीक्षा रुग्णाची नव्हती, शिकवण्याची होती. ज्या शिक्षकाचा अर्धा वर्ग नापास होतो त्यानें मुलांवर चिडण्याआधीं स्वतःचा पाठ पुन्हां पाहावा, हा न्याय येथेंहि लागू आहे.

येथें शुश्रूषेचा मूळ अर्थ आपल्या उपयोगी पडतो. सांगून झाल्यावर ऐकावयाचें, तसें सांगण्यापूर्वींहि ऐकावयाचें असतें. घरीं स्वयंपाक कोण करतें? चष्म्यावांचून औषधाच्या पट्टीवरचें नांव वाचतां येतें का? कामाची पाळी रात्रीची आहे का? आणि आपल्या लोकांस तर हें विचारलेंच पाहिजे कीं, उपास कोणते करतां? एकादशीस मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेऊन पोट रिकामें ठेवणारे लोक आहेत. त्यांची साखर उतरते. आणि साखर सोडली म्हणून निर्धास्त राहून साबुदाण्याची खिचडी भरपूर खाणारेहि आहेत; त्यांची ती चढते. 'गोड खाऊं नका' एवढ्या तीन शब्दांत यांपैकीं कोणाचेंच समाधान नाहीं.

तसेंच नुसता नियम सांगूं नये, नियमाचें कारण सांगावें. क्षयाचा उपचार सामान्यतः सहा महिन्यांचा असतो. पण दोन महिन्यांतच ताप जातो, खोकला थांबतो, भूक लागते. मग रुग्णास वाटतें कीं आपण बरे झालों, आतां औषधें कशाला? तीं सोडलीं कीं उरलेले जंतु पुन्हां बळावतात, आणि त्यांच्यावर तींच औषधें चालेनाशीं होण्याचा धोका असतो. 'सहा महिने घ्या' हा हुकूम झाला. 'तुम्हांस बरें वाटूं लागेल तेव्हांहि जंतु आंत शिल्लक असतील, म्हणून घ्या' हें शिक्षण झालें. हुकूम दोन महिने टिकतो. कारण कळलें म्हणजे तो सहा महिने टिकण्याची आशा असते.

कोणी म्हणेल, हें सारें बोलण्यास ठीक आहे, पण शिकवण्याचा परिणाम मोजतां येतो काय? यास उत्तर आपल्या शेजारच्या बांगलादेशानें दिलें आहे. १९७१ सालीं तेथून लक्षावधि निर्वासित बंगालच्या सीमेवर आले आणि बनगांव येथील छावण्यांत पटकीनें थैमान घातलें. शिरेंतून देण्याचें सलाईन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेलें पाणी तोंडानें पाजण्याचा निर्णय घेतला, आणि पाजण्याचें काम रुग्णांच्या नातलगांवरच सोंपविलें. मीठ व साखर योग्य प्रमाणांत एकत्र असलीं म्हणजे जुलाब चालू असतांहि आंतडें पाणी शोषून घेतें, हें त्यामागील तत्त्व. जेथें शेंकडा तीसच्या घरांत मृत्यु होत होते, तेथें तें प्रमाण शेंकडा चारच्याहि खालीं आलें. वैद्यकांतील पदवी नसलेल्या आयाबहिणींच्या हातून हें झालें.

पुढें १९८० ते १९९० या दहा वर्षांत फझले हसन आबेद यांनीं स्थापन केलेल्या 'ब्रॅक' या संस्थेनें हें ज्ञान बांगलादेशाच्या घराघरांत नेण्याचें काम हातीं घेतलें. तिच्या शिकविणाऱ्या स्त्रिया खेडोपाडीं हिंडल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या. पाकिटें सर्वत्र मिळत नव्हतीं. म्हणून घरांतलेंच साहित्य घेतलें : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. लिहितांवाचतां न येणाऱ्या बाईसहि हें माप हातांतच सांपडे. शिकविणारीनें तें पाणी स्वतः करून न दाखवितां त्या आईच्याच हातानें तिच्यासमोर करवून घ्यावयाचें, असा प्रघात ठेवला. आणि यांतला सर्वांत विलक्षण भाग असा : शिकविणाऱ्या बाईचा पगार तिनें किती घरें केलीं यावर ठरत नसे. कांहीं काळानें तपासनीस जाऊन निवडक घरांतील आयांस प्रश्न विचारीत. लक्षांत ठेवण्याचे मुद्दे आधीं दहा होते, पुढें सात केले. आईस जितके आठवत आणि पाणी जितकें बिनचूक करतां येई, त्या प्रमाणांत शिकविणारीस वेतन. श्रोतेहो, हा नियम आमच्या शाळाखात्यानें लावला असता तर आमच्यापैकीं किती जणांच्या घरीं चूल पेटली असती, हा विचार माझ्या मनांत आल्याखेरीज राहिला नाहीं!

पण याहि गोष्टीस दुसरी बाजू होती, आणि ती अधिक शिकण्यासारखी आहे. आरंभीं असें दिसून आलें कीं, आयांस सारें पाठ आहे, पाणीहि बिनचूक करतां येतें. मात्र मूल आजारी पडल्यावर तें करणाऱ्या फार थोड्या. शोध घेतां दोन कारणें सांपडलीं. एक, शिकविणाऱ्या स्त्रियांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःस जुलाब झाले कीं त्या दुसरीं औषधें घेत. दुसरें, घरांतील पुरुषांस या योजनेंत कोणी विचारलेंच नव्हतें. मग शिकविणाऱ्या स्त्रियांस ढाक्याच्या रुग्णालयांत नेऊन हें पाणी पिऊन उठून बसलेले रुग्ण दाखविले, आणि बाजारांत, मशिदींत, शाळांत पुरुषांच्या बैठका घेतल्या. त्यानंतर वापर वाढूं लागला. ज्यावर आपला विश्वास नाहीं तें आपण दुसऱ्यास शिकवूं शकत नाहीं. आणि घरांत ज्याचा शब्द चालतो त्यास वगळून त्या घरास शिकवतां येत नाहीं.

आपल्या शहरी घरांत आज मूठचिमटीच्या मापाचें कारण नाहीं. औषधाच्या दुकानांत पाकीट मिळतें. परंतु पाकिटावर जितकें पाणी लिहिलें असेल तितकेंच मोजून घ्यावें. अर्धें पाकीट पेल्याभर पाण्यांत अंदाजानें ढवळणें हें योग्य नव्हे. मूल ओकलें तर दहा मिनिटें थांबून चमच्या चमच्यानें पुन्हां द्यावें. त्याचे डोळे खोल गेले, तें सुस्त पडूं लागलें किंवा त्यास पिववेनासें झालें, तर घरीं थांबूं नये.

आतां एका खऱ्या अडचणीचा विचार केला पाहिजे. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयांत परिचारिका आहे. एकदां मीं तिच्याजवळ हा विषय काढला तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, ताप किती, लघवी किती, गोळी दिली कीं नाहीं, हें सारें तक्त्यांत लिहावें लागतें आणि न लिहिल्यास बोलणीं बसतात. शिकविलें कीं नाहीं, याला आमच्या तक्त्यांत रकानाच नाहीं." तिच्या बोलण्यांत रोगाचें निदान आहे. जें मोजलें जात नाहीं तें घाईच्या वेळीं पहिल्यानें सुटतें. एका परिचारिकेच्या अंगावर वाजवीपेक्षां अधिक खाटा टाकल्या, तर हात कसेबसे पुरतील. वाणीस वेळ उरणार नाहीं. म्हणून रुग्णालयें चालविणाऱ्यांनीं परिचारिकांची संख्या ठरवितांना शिकवण्याचा वेळ हिशोबांत धरला पाहिजे, आणि तक्त्यांत तो रकाना घातला पाहिजे. त्यांत 'सांगितलें' असें लिहूं नये; 'रुग्णानें करून दाखविलें' असें लिहावें.

तोंवर, जितका वेळ आहे तितक्यांतहि पुष्कळ होतें. वेगळा तास काढण्याचें कारण नाहीं. पट्टी बांधतांना जखम कशी दिसली म्हणजे चांगली आणि कशी दिसली म्हणजे वाईट, हें दाखवितां येतें. सुई देतांना दुसऱ्या दिवशीं ती रुग्णाच्या हातीं देतां येते. एका वेळीं दोन-तीनच गोष्टी सांगाव्या, आणि त्या पहिल्या दिवसापासून थोड्या थोड्या सांगाव्या. घरीं निघण्याच्या घटकेस, रिक्षा दारांत उभी असतां, सारा अभ्यासक्रम एकदम उरकूं नये.

आणि श्रोतेहो, आपलेंहि कांहीं कर्तव्य आहे. शिष्य ऐकणारा नसेल तर गुरु काय करील? आपल्या घरचें माणूस रुग्णालयांतून घरीं येणार असेल, तेव्हां जी व्यक्ति स्वयंपाक करते आणि जी औषधें देते, तिला बरोबर घेऊन जा. नुसता मोटार चालविणारा मुलगा पाठवूं नका. आजोबांचा चष्मा आणि ऐकण्याचें यंत्र विसरूं नका. कागदावरचा इंग्रजी शब्द कळला नाहीं तर 'हा मराठींत सांगा' असें बेधडक म्हणा. त्यांत लाज आपली नाहीं. आणि निघण्यापूर्वीं आपण होऊन म्हणा : "सिस्टर, आम्हांला जें समजलें तें तुम्हांला म्हणून दाखवितों, चुकलें तर सांगा." तीन गोष्टी तरी म्हणून दाखवा : कोणतें औषध केव्हां आणि कशासाठीं, काय दिसलें असतां घाबरण्याचें कारण नाहीं, आणि काय दिसलें असतां एक क्षणहि न थांबतां परत यावयाचें. कोणतीहि परिचारिका, कितीहि कामांत असली तरी, असा विद्यार्थी मिळाल्यावर दोन मिनिटें उभी राहील, असा माझा विश्वास आहे.

आपण इतका वेळ शांतपणें माझें बोलणें ऐकून घेतलेंत. मूळच्या अर्थानें ही आपण माझी शुश्रूषाच केलीत.